पैसे जमा झाल्यानंतर

येवल्यात पैठणी विकायची एक रीत आहे. गिऱ्हाईक गादीवर टेकतं, एकेक साडी उलगडली जाते, पदर पालथा करून बघितला जातो, काठावरून बोट फिरतं, भावात घासाघीस होते आणि पैसे मोजून झाले की व्यवहार मिटतो. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर असाच धंदा केला. मी दुकानाची वेबसाइट सुरू केली आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत साड्या पोहोचवायला लागले, तेव्हा माल तोच होता, विणकर तेच होते. बदलला तो व्यवहाराचा शेवट. कार्डाने पैसे भरलेल्या माणसाला साधारण १२० दिवसांपर्यंत ते परत मागता येतात, आणि तेही आपल्याकडे नाही, त्याच्या स्वतःच्या बँकेकडे.

याला चार्जबॅक म्हणतात. गिऱ्हाईक बँकेत तक्रार करतं. ती बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत तक्रार आमच्या बाजूच्या बँकेकडे पाठवते, तिथून ती पेमेंट गेटवेकडे येते. गेटवे आमच्या पुढच्या सेटलमेंटमधून तेवढी रक्कम कापून ठेवतं, बहुतेक वेळा वर फीही लावतं, आणि मग आपल्याला मेल येतो: अमुक तारखेच्या आत पुरावे द्या. मुदत थोड्याच दिवसांची असते. ती टळली की बाजू कितीही खरी असली तरी दावा गेला.

हे आधीच सांगते की गिऱ्हाइकाच्या या हक्काच्या मी विरोधात नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याचा अधिकार लोकांना मिळाला, इंग्लंडमध्येही त्याच वर्षीच्या कायद्याने संरक्षण दिलं. हा भरवसा असल्यामुळेच कॅलिफोर्नियातली एखादी बाई कधी न पाहिलेल्या येवल्याच्या दुकानाला तीस-चाळीस हजार रुपये पाठवते. मी स्वतः एकदा न मिळालेल्या हॉटेलच्या खोलीचे पैसे याच वाटेने परत मिळवले आहेत. पण हा हक्क वापरला जातो तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण असतं, हेही सांगायला हवं. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात. आमच्यासारख्या दुकानात पॅकिंग करणारी, हिशेब बघणारी आणि बँकेला उत्तर लिहिणारी बाई एकच असते.

आमच्याकडे पहिला चार्जबॅक आला तो न्यू जर्सीहून. साडी पोहोचून दोन महिने होऊन गेले होते. त्या ताईंनी ती मुलीच्या डोहाळजेवणाला नेसून आम्हाला फोटोही पाठवला होता. आणि तक्रारीचं कारण काय, तर ‘हा व्यवहार मी केलेला नाही’. फोटो हातात असताना असं कोणी लिहील यावर माझा विश्वास बसेना. वेळेचा हिशेब करून त्यांच्या सकाळी मी फोन लावला. त्या ऐकूनच गडबडल्या. कार्ड दोघांचं होतं. यजमान बिल तपासत होते, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, सासऱ्यांच्या नावाने नोंदलेल्या जुन्या पेढीचं नाव होतं. एवढी मोठी रक्कम आणि अनोळखी नाव बघून त्यांनी बँकेच्या ॲपमध्ये एक बटण दाबलं. बायकोला विचारावं असं त्यांना वाटलं नाही, कारण साडी वेगळ्या दुकानाची होती हे त्यांना ‘माहीत’ होतं.

मला वाटलं, उलगडा झाला, संपलं. पण यंत्र एकदा फिरायला लागलं की तोंडी समजुतीने थांबत नाही. ताईंनी बँकेला कळवलं, आम्हालाही मेल लिहून दिला की व्यवहार माझाच आहे, साडी मिळाली आहे, तक्रार मागे घेते. तो मेल, फोटो, कुरिअरची पोच असं सगळं जोडून आम्ही उत्तर दिलं, तरी पैसे सुटायला कित्येक आठवडे गेले. तेवढ्या काळात पुढच्या रेशमाची उचल अडली होती.

त्यानंतर गेटवेला सांगून बिलावर दिसणारं नाव बदलून घेतलं. ऑर्डर नोंदवली की जाणाऱ्या संदेशात आता पहिलीच ओळ असते: तुमच्या कार्डाच्या बिलावर आमचं नाव असं दिसेल. चोरी आणि लबाडी यांच्या गोष्टी सगळे सांगतात. पण आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी अशाच होत्या. नाव ओळखता आलं नाही, घरातल्या दुसऱ्याने कार्ड वापरलं, पार्सल रेंगाळलं, विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर गेलं नाही. बँकेचं बटण आपल्या फोन नंबरपेक्षा जवळ असतं, म्हणून ते दाबलं जातं. आपला नंबर पावतीवर, पार्सलवर, मेलच्या तळाशी, सगळीकडे ठळक असला पाहिजे, आणि तो उचलणारं माणूसही असलं पाहिजे.

खरी चोरीही अनुभवली. एके दिवशी अमेरिकेतून ऑर्डर आली: सगळ्यात महागातल्या साड्या एकदम, लगेच पाठवा. पैसे जमा झाले, साड्या गेल्या, पोचही आली. नंतर चार्जबॅक आला. कार्ड चोरीचं होतं. ज्यांचं कार्ड होतं त्या माणसाने आयुष्यात पैठणी हा शब्द ऐकला नसेल. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि आम्ही माल पाठवला हेही खरं होतं. पण पोच दाखवून इथे काही उपयोग नसतो, कारण माल पोहोचला का हा प्रश्नच नसतो. कार्डाच्या मालकाने पैसे भरले का, एवढाच प्रश्न असतो. आम्ही हरलो, आणि नियमांप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या साड्यांमधली एक अंजिरी रंगाची होती. विणकराच्या बायकोला पदरातले मोर इतके आवडले होते की साडी देताना तिने पुन्हा एकदा उलगडून पाहिली होती.

भारतातल्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत ही भीती फार कमी आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. आपल्या सगळ्यांना ओळखीचा झालेला ओटीपी तिथून आला. तेव्हा व्यापारी कुरकुरले होते, गिऱ्हाईक अर्ध्यावरून परत जाईल म्हणून. मला विचाराल तर छोट्या विक्रेत्यावर एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या नियमाने केले नसतील. पण परदेशात दिलेल्या कार्डांना तो नियम लागू नाही. युरोपात आणि इंग्लंडमध्ये त्यांचे स्वतःचे तसेच नियम आले आहेत. अमेरिकेत मात्र अशी सक्ती नाही. नुसता कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले तरी पैसे जातात. आणि आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच आहे.

म्हणून गेटवेकडे आग्रह धरून परदेशी कार्डांनाही थ्रीडी सिक्युअरची पडताळणी लावून घेतली. ती पार पडली की ‘कार्ड चोरीचं होतं’ या तक्रारीचा भार साधारणपणे आपल्यावरून उठून कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. काही ऑर्डरी यामुळे अडतात, काहींच्या बँकेचा निरोप येत नाही, काही वैतागून सोडून देतात. विक्री थोडी कमी झाली तरी चालेल, असं आम्ही घरात बसून ठरवलं.

पण यंत्राच्या पडताळणीआधी धंद्याची आपली एक पडताळणी असते, आणि ती जास्त कामाची आहे. पैठणी घेणारी बाई प्रश्न विचारते. काठ नारळी आहे का? पदरात मोर आहेत की आसावली? फोटोतला रंग वांग्यासारखा दिसतोय, उन्हात कसा दिसेल? ब्लाउजपीस आहे ना? कधी कधी या प्रश्नांनी जीव नकोसा होतो, पण ते प्रश्न म्हणजेच खरं गिऱ्हाईक. ज्याला चोरीच्या कार्डावर माल उचलायचा असतो त्याला रंगाशी देणंघेणं नसतं. तो सगळ्यात महाग ते निवडतो, एकाच रंगाच्या दोन घेतो, घाई करतो. गेटवेच्या नोंदीत दिसतं की आधी दोन-तीन कार्डं नाकारली गेली आणि मग चौथं चाललं. बिलाचा पत्ता एका राज्यातला, पार्सल जाणार दुसऱ्या राज्यातल्या गोदामात. अशी ऑर्डर आली की मी माल पाठवण्याआधी फोन करते. गिऱ्हाईक खरं असेल तर आनंदाने बोलतं, अर्धा तास बोलतं. फोन लागला नाही, मेलला धड उत्तर आलं नाही, तर पैसे परत. आणि परत म्हणजे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर, पूर्ण. ‘चुकून जास्त भरले, वरचे या दुसऱ्या खात्यात पाठवा’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं. मूळ रक्कमही पुढे चार्जबॅकने जाते आणि आपण हाताने पाठवलेली वेगळी जाते.

आता सांगते त्या प्रकरणाने मला पुरावा म्हणजे काय ते शिकवलं. इंग्लंडमधल्या एका ताईंनी लग्नासाठी साडी घेतली. मिळाल्याबरोबर व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘अगं किती सुंदर आहे! सासूबाईंनाही आवडली.’ नंतर तिथल्या कार्यक्रमात कोणीतरी त्यांना सांगितलं की ही हातमागावरची नाही, यंत्रमागावरची आहे, तुला फसवलं. त्यांनी मला तसंच लिहिलं. मी उत्तर दिलं की साडी आमच्या खर्चाने परत पाठवा, बघते आणि पैसे परत करते. त्यावर काही उत्तर आलं नाही. आली ती बँकेची तक्रार: वर्णनाप्रमाणे माल नाही.

हातमागावरचा खरा पदर ओळखायचा तर तो उलटा करायचा. विणकर पदरातल्या नक्षीच्या एकेका रंगासाठी रेशमाची वेगळी छोटी कांडी चालवतो. तो रंग जिथे संपतो तिथून धागा अडकवून मागे वळवतो. त्यामुळे पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते. मोर दोन्हीकडे सारखाच दिसतो. यंत्रमागावर नक्षीचे धागे मागून मोकळे धावतात आणि मग कापावे लागतात, त्याची कुसं मागे राहतात. येवल्यातल्या शाळकरी पोरालाही हे कळतं. पण निर्णय देणारा माणूस परक्या देशातल्या एका बँकेत बसलेला. त्याने पैठणी पाहिलेली नाही, साडी त्याच्यासमोर नाही, मी नाही, त्या ताईही नाहीत. त्याच्यासमोर फक्त कागद. आणि दिवसभरात अशा कित्येक फायली.

मी पहिला मसुदा लिहिला तो रागाने लिहिला. सासऱ्यांची किती वर्षं, विणकराची किती मेहनत, आमचं नाव. माझ्या भाच्याने, जो बँकेत आहे, तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘मामी, यात त्याच्या उपयोगाचं एकही वाक्य नाही.’ मग आम्ही दोघांनी बसून सगळं नव्याने केलं. वर एक पान, तारखेवार: ऑर्डर कधी, पाठवली कधी, पोहोचली कधी, कौतुकाचा संदेश कधी, परतीची आमची तयारी कधी, तक्रार कधी. ऑर्डरच्या दिवशी वेबसाइटवर त्या साडीचं जे वर्णन होतं त्याचा जपून ठेवलेला फोटो. पदराच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे जवळून घेतलेले फोटो शेजारी शेजारी, खाली दोन ओळीत फरक सांगितलेला. साडी मागावर असतानाच्या व्हिडिओतली चित्रं, आमच्या नंबराच्या चिठ्ठीसह. हँडलूम मार्कच्या लेबलाचा फोटो. व्हॉट्सॲपवरचं बोलणं मराठीत होतं, ते मूळ चित्रासह आणि शेजारी इंग्रजी भाषांतरासह. ‘अगं किती सुंदर आहे’ हे वाक्य इंग्रजीत लिहिताना मला वाईट वाटलं. एका बाईने दुसऱ्या बाईला मनापासून लिहिलेलं ते वाक्य मी तिच्याविरुद्ध वापरत होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. कौतुकाचा संदेश कामाला आला असेल, पण भाच्याच्या मते वजन पडलं ते परतीच्या तयारीला. वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणणाऱ्याने तो परत करायचा किमान प्रयत्न तरी केलेला असावा, असं कार्डांच्या नियमात आहे. आम्ही बोलावत होतो आणि त्यांनी पाठवली नव्हती, हे लेखी होतं. मला त्यांच्याबद्दल आजही राग नाही. चार लोकांत कोणी ‘तुला फसवलं’ म्हटलं की माणूस हलतो. पण आता प्रत्येक पार्सलमध्ये पदर पालथा करून कसा ओळखावा याची छोटी चिठ्ठी असते.

या प्रकरणानंतर आमची पॅकिंगची खोली बदलली. साडी घडी घालण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, डबा बंद करताना सलग व्हिडिओ, मग वजनकाट्यावर ठेवलेला डबा, आणि कुरिअरच्या पावतीवरचं वजन त्याच्याशी जुळतं का ते पाहायचं. रिकामा डबा आला असं कोणी म्हणालं तर या वजनाला किंमत येते. हे सगळं ऑर्डरच्या नंबराने एका फोल्डरमध्ये. ज्या दिवशी साडी जाते त्याच दिवशी फोल्डर पूर्ण. तक्रार आल्यावर पुरावे शोधायला बसलं तर निम्मे सापडत नाहीत. माझ्या ओळखीत काठापदराच्या साड्या विकणाऱ्या दोघीजणी केवळ या कारणाने खरे दावे हरल्या.

परतीच्या पैशांबाबत एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि आपण घाबरून, किंवा चांगुलपणाने, स्वतंत्रपणे रिफंड केला, तर दोन्ही वाटांनी पैसे जाऊ शकतात. गेटवे चार्जबॅकचे कापतं आणि रिफंडही जातो. तक्रार नोंदली गेली असेल तर वेगळा रिफंड करायचा नाही. पैसे द्यायचेच असतील तर ती तक्रार तिथेच मान्य करायची. आणि तक्रारीआधीच रिफंड केला असेल तर त्याचा बँकेकडचा संदर्भ क्रमांक घेऊन पुरावा म्हणून जोडायचा.

मागावर टाकून विणून घ्यायच्या साड्यांचं गणित आणखी वेगळं. भारी पदराला महिनोन् महिने लागतात, पैसे आगाऊ घेतलेले असतात. माल मिळाला नाही या तक्रारीसाठी व्हिसाच्या नियमात १२० दिवस मोजले जातात ते साडी मिळण्याच्या कबूल केलेल्या तारखेपासून, आणि व्यवहारापासून ५४० दिवसांपर्यंत ही मुदत लांबू शकते. म्हणजे दीड वर्ष. त्यामुळे तारीख लेखी द्यायची, आणि खरी द्यायची. विणकराच्या घरी लग्न असतं, आजारपण असतं, लक्ष्मीपूजनाला माग थांबतो. मी विणकराने सांगितलेल्या तारखेत महिनाभर मिळवून गिऱ्हाइकाला सांगते, आणि दर पंधरा दिवसांनी मागावरच्या साडीचा फोटो पाठवते. ज्यांना फोटो गेले त्यांच्याकडून ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार आजवर आलेली नाही. उलट त्या फोटोंची वाट पाहिली जाते.

देशातल्या देशात जे येतं ते बहुतेक ‘मिळालं नाही’ एवढंच असतं. पार्सल सोसायटीच्या वॉचमनकडे दिलेलं असतं आणि कुरिअरच्या पोचेवर एक वळवळीत रेघ असते. महाग साडी आता ओटीपी सांगितल्याशिवाय हातात न देणाऱ्या सेवेनेच जाते. विषय तिथे संपला.

अलीकडची अडचण वेगळीच होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातकराची सूट काढून घेतली. त्याआधीच टपाल खात्याने तिकडची बरीचशी पार्सलं घेणं थांबवलं होतं. ज्यांनी आधी कधी कर भरला नव्हता त्यांच्या दारात कराची मागणी उभी राहिली. पार्सल नाकारलं की ‘मिळालं नाही’ म्हणून बँकेकडे जाता येतं असं काहींना वाटलं. आम्ही त्या दिवसांत वाटेत असलेल्या एकेका ऑर्डरच्या घरी फोन केले. काहींनी कर भरला, काहींचा आम्ही अर्धा उचलला, एक-दोघींना साडी परत आल्यावर पूर्ण पैसे दिले. आता कर कोण भरणार हे पैसे भरायच्या पानावरच लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाने तिथे खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सगळं करूनही काही दावे जातात. जिंकल्यावर समोरची बँक पुन्हा दुसऱ्या फेरीत ते उकरू शकते, आणि रक्कम छोटी असेल तर तिथे मी सोडून देते; लढाईचा खर्च साडीपेक्षा जास्त होतो. गेटवे विक्रीच्या मानाने चार्जबॅक किती येतात यावरही नजर ठेवतं. महिन्याला मोजक्याच साड्या विकणाऱ्याला एकाच महिन्यात दोन तक्रारी आल्या तरी प्रमाण वाईट दिसतं आणि खातं थांबवण्याची भाषा सुरू होते. छोट्या विक्रेत्यांसाठी हे मोजमाप बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र आम्ही सुरुवातीपासून ठरवलेली आहे. आमच्या बाजारात असे विक्रेते आहेत की चार्जबॅक आला की त्यातला वाटा विणकराच्या पुढच्या मजुरीतून वळता करतात. ‘गिऱ्हाइकाने साडी नाकारली’ असं त्याला सांगितलं जातं, आणि त्याच्याकडे खरंखोटं तपासायला काही साधन नसतं. आमच्याकडे साडी मागावरून उतरली की मजुरी चुकती होते. पुढे ती साडी न्यू जर्सीत कोणाच्या कपाटात आहे, लंडनच्या बँकेत तिचे फोटो कोण बघतंय, याच्याशी विणकराचा संबंध नाही. परदेशातल्या प्रत्येक विक्रीमागे थोडी रक्कम वेगळ्या खात्यात पडते, आणि चार्जबॅक गेला तर तिथून जातो. गेल्या वर्षी चैत्रात ते खातं जवळजवळ रिकामं झालं, तेव्हा आम्ही दोन महिने परदेशी कार्डं घेणं बंद ठेवलं आणि फक्त थेट बँकेतून येणारे पैसे घेतले.